समुद्राचे राज्य कोणाचे?

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. बुलढाण्याहून पाखरू सरळ पश्चिमेस उडाले, तरी खारा वारा लागेपर्यंत त्यास सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडावे लागेल. असे असूनही व्याख्यान संपल्यावर, सतरंज्या गुंडाळल्या जात असता, आम्हांस अडवून जे प्रश्न विचारले जातात त्यांत समुद्राचे प्रश्न पुष्कळ असतात. अशाच एका संध्याकाळी आठवीतील दोन मुले आमच्यापुढे येऊन उभी राहिली. त्यांचे भांडण आधीच पेटलेले होते. प्राचीन समुद्रातील सर्वांत बलाढ्य शिकारी कोण, मोसासॉर की मेगॅलोडॉन, हा वाद. आणि त्यावर भेळेची पैज.

प्रश्न पोरकट म्हणून हसण्यावारी नेता आला असता. पण शेजारी उभे असलेले एक वकील म्हणाले, "आधी बलाढ्य म्हणजे काय ते ठरवा, मग निकाल द्या." आणि शेगावकडील एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "इथं समुद्र होताच ना जी! नाही त आमच्या विहिरीचं पानी खारं काहून?" आता मात्र आम्हांस उत्तर देणे भाग पडले. ते त्या दिवशी अपुरे राहिले, ते येथे पुरे करीत आहोत.

प्रथम म्हाताऱ्या बाबांच्या शंकेचे पाहू, कारण ती आपल्या घरची आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूचा खारपाण पट्टा सर्वांस ठाऊक आहे. अकोल्याकडे दहीहांडा भागात तर पूर्वी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत. तेव्हा येथे कधी काळी समुद्र होता व त्याचे मीठ मागे राहिले, ही समजूत सहज होण्यासारखी आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यातील माती नदीने आणून टाकलेला गाळ आहे. ती चिकण, बारीक कणांची; तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. उन्हाने पाणी वर ओढले जाते, उडून जाते, आणि त्यातील क्षार तेवढे जमिनीत राहतात. हा क्रम हजारो वर्षे चालला म्हणजे गोड्या पाण्याचेही खारे पाणी होते. लोणारच्या तळ्याची कथा आणखी निराळी आहे. तेही खारे आहे, पण तेथे समुद्राचा थेंबही आलेला नाही. ते काय आहे याकडे पुढे वळू, कारण आमच्या विषयाशी त्याचा अनपेक्षित संबंध आहे.

मग समुद्र आपल्या जवळ कधी आलाच नव्हता काय? आला होता; पण बुलढाण्यास नव्हे, नर्मदेच्या खोऱ्यात. सातपुड्याच्या पलीकडे, येथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे. तेथील लेणी आपण ऐकून आहोत. त्याच परिसरातील चुनखडकांत शिंपले, समुद्री साळू म्हणता येतील असे काटेरी गोल प्राणी, शंखासारखे वळलेले अ‍ॅमोनाइट आणि शार्क माशांचे दात सापडतात. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राची एक जीभ नर्मदेच्या खोलगट भागात शिरली होती, तिचा हा पुरावा. या बाघ थरांतील काटेरी प्राण्यांवर आपल्या डॉ. चिपळूणकरांनी १९३७ साली निबंध प्रसिद्ध केला होता, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. समुद्र मागे हटला, आणि नंतर त्या सर्व मुलखावर लाव्हारस पसरला. तोच लाव्हा आपल्या पायांखालचा काळा पाषाण होय. लाव्हात मासा टिकत नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यात समुद्री राक्षसांची हाडे शोधीत बसण्यात अर्थ नाही.

त्यासाठी कच्छला जावे. भूजजवळच्या लोडाई गावापाशी सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या एका प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा खडकातून निघाला. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. व्ही. आर. प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरट. वय सुमारे १५ कोटी वर्षे. आकार डॉल्फिनसारखा, पण जात सरपटणाऱ्या प्राण्याची. दात झिजलेले होते, यावरून तो कठीण कवचाचे प्राणी फोडून खात असावा असे अनुमान निघाले. दक्षिणेत तमिळनाडूतही या कुळाचे मणके सापडले होते व लिडेकर या शास्त्रज्ञाने १८७९ सालीच त्यांस 'इंडिकस' म्हणजे भारतीय असे नाव दिले होते. तेव्हा या वादात आपण निव्वळ प्रेक्षक नाही. एक-दोन उमेदवार आपल्याही घरचे आहेत.

आता वकीलसाहेबांचा मुद्दा. तो बरोबर होता. बहुतेक वाद लांबीवर चालतो, आणि लांबीइतके फसवे माप दुसरे नाही. लिओप्लुरोडॉन नावाच्या प्राण्याचे उदाहरण घ्या. १९९९ साली बी.बी.सी.च्या एका गाजलेल्या मालिकेत तो २५ मीटर लांब दाखविला गेला आणि जगभरची मुले त्यास समुद्राचा सम्राट मानू लागली. प्रत्यक्ष हाडे मोजली तर तो सहा-सात मीटरचा निघतो. डंकलिऑस्टिअस या चिलखती माशाचेही तेच. ३६ कोटी वर्षांपूर्वीचा हा मासा. दातांऐवजी त्याच्या जबड्याची हाडेच अडकित्त्यासारखी धारदार होती. पुस्तकांतून तो आठ-दहा मीटर लांब असे. पण त्याचे डोके तेवढे दगडात राहिले होते, बाकीचे शरीर कूर्चेचे असल्याने नाहीसे झाले होते. २०२३ साली डोक्याच्या प्रमाणावरून पुन्हा हिशेब झाला, तो साडेतीन-चार मीटरवर आला. एका झटक्यात अर्ध्याहून अधिक मासा गेला! आम्हांस यात त्या माशाची मानहानी वाटत नाही. त्याच्या काळी त्याच्यासमोर उभा राहील असा दुसरा कोणी नव्हता. मग चार मीटर असोत की दहा.

याच्या उलट, २०२४ साली इंग्लंडमध्ये एका इक्थिओसॉरच्या जबड्याचे वर्णन झाले. त्यावरून तो २५ मीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या देवमाशाच्या जवळपास जाणारा असावा असा अंदाज आहे. तो जबडा सापडण्यात ११ वर्षांच्या एका मुलीचा मोठा वाटा होता, हे आमच्या दोन वादपटूंना मुद्दाम सांगतो. पण एवढ्या मोठ्या प्राण्याचा जबडाच तेवढा हाती आहे. लांबी मोठी म्हणून राज्यपद द्यावे, तर आजच्या समुद्राचा राजा निळा देवमासा ठरेल, आणि तो तर बोटाएवढी कोळंबी गाळून खातो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी पाहतो. तो अन्नसाखळीत किती वर होता. त्याचा संचार किती समुद्रांत होता. आणि ही स्थिती किती काळ टिकली. आणि आणखी एक. राजा आणि घराणे यांत घोटाळा करू नये. 'मोसासॉर' हे एका प्राण्याचे नाव नाही, ते घराण्याचे नाव आहे. 'मेगॅलोडॉन' ही मात्र एकच जाती आहे. मुलांचे भांडण मिटत नव्हते त्याचे निम्मे कारण हेच. 'भोसले मोठे की अकबर मोठा' असे विचारण्यासारखे ते आहे.

मोसासॉरची हकीकत मोठी रंजक आहे. हॉलंडमधील मास्ट्रिक्ट शहराजवळच्या चुनखडीच्या खाणींत अठराव्या शतकात प्रचंड जबडे सापडले. कोणी म्हणे मगर, कोणी म्हणे देवमासा. १७९४ साली फ्रेंच फौजेने शहर घेतले तेव्हा तो जबडा पॅरिसला गेला. तो शोधून देणाऱ्यास सहाशे बाटल्या दारू देऊ केली होती, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानण्याचे कारण नाही, पण जबड्याची किंमत त्यातून कळते. पुढे कूव्हिए या विद्वानाने १८०८ साली मान्य केले की हा मगरही नव्हे आणि देवमासाही नव्हे, हा सरड्यांच्या वर्गातला आहे. म्हणजे आपल्या घोरपडीचा भाऊबंद! घोरपड आणि साप यांच्या नात्यातला हा प्राणी पाण्यात उतरला, पायांची वल्ही झाली, शेपटीला माशासारखा पर फुटला, आणि मोठ्या जातींची लांबी एस.टी.च्या गाडीहून अधिक झाली. त्याच्या टाळूतही दातांची एक जोड रांग असे; एकदा धरलेले भक्ष्य मागे सुटणे नाही. अंडी घालण्यास त्याला किनाऱ्यावर यावे लागत नसे, पिले पाण्यातच जन्मत.

घराणे म्हणून मोसासॉरांचा वकूब फार मोठा. सुमारे अडीच कोटी वर्षे ते समुद्रात होते, आणि शेवटी शेवटी तर अन्नसाखळीच्या वरच्या सगळ्या पायऱ्या त्यांनीच अडविल्या होत्या. ग्लोबिडेन्स नावाचा एक, गोल बोथट दातांनी शिंपले फोडी. दुसरे मासे धरीत. आणि मोरोक्कोत सापडलेला, २०२२ साली वर्णिलेला थॅलॅसोटायटन हा नऊ-दहा मीटरचा, इतर समुद्री सरटांनाच खाणारा. त्याच्याजवळ कासवांची, मोठ्या माशांची, लहान मोसासॉरांची आम्लाने झिजलेली हाडे सापडली; म्हणजे गिळून टाकलेल्या जेवणाचे उष्टेच म्हणा ना. इक्थिओसॉरांचे घराणे याहून कितीतरी दीर्घायुषी, सुमारे १६ कोटी वर्षे. पण उत्तरार्धात त्यांना आखूड मानेच्या प्लायोसॉरांशी वाटेकरी व्हावे लागले. तेव्हा घराण्यांच्या पंक्तीत आम्ही पहिले पान मोसासॉरांना वाढतो.

मेगॅलोडॉन याच्या फार नंतरचा. तो शार्क, कोकणात ज्यास मुशी किंवा मोरी म्हणतात त्यांच्या वर्गातला. त्याचा काळ सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीपासून ३६ लाख वर्षांपूर्वीपर्यंत. म्हणजे त्याची आणि मोसासॉरची गाठ पडणे शक्यच नव्हते. दोहोंमध्ये चार कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो; राहतात ते दात आणि क्वचित मणके. दात मात्र असे की तळहात झाकून जावा. मोठे सतरा-अठरा सेंटिमीटरपर्यंत भरतात. अमेरिका, युरोप, आफ्रिका, जपान, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे ते मिळतात. आपल्या देशात ओरिसातील मयूरभंज जिल्ह्यात बारीपदा येथील थरांतही मिळाले आहेत. लांबीचे अंदाज १५ मीटरपासून २४ मीटरपर्यंत जातात. ते आम्ही बाजूस ठेवतो, कारण फसव्या मापाविषयी वर बोललोच आहोत.

त्याहून पक्का पुरावा त्याच्या दातांच्या रसायनात आहे. जो प्राणी दुसऱ्यास खातो त्याच्या शरीरात जड प्रकारचा नायट्रोजन थोडा अधिक साठतो. त्यास जो खाईल त्याच्यात आणखी अधिक. असा पायरीपायरीने तो वाढत जातो. २०२२ साली मेगॅलोडॉनच्या दातांतील नायट्रोजन मोजला, तेव्हा तो आजच्या कोणत्याही समुद्री शिकाऱ्याहून वरच्या पायरीवर निघाला. शिकाऱ्यांना खाणाऱ्या शिकाऱ्यांनाही तो खात असावा. मात्र २०२५ साली जस्ताच्या मोजणीवरून असे दिसले की तो नुसत्या वरच्या पंक्तीवर बसून राहत नसे. मिळेल ते, खालच्या पायरीवरचेही खाई. आम्हांस यात विरोध दिसत नाही. राजा पक्वान्ने खातो म्हणून भाकरी टाकतो असे नाही.

येथे एक प्रामाणिक अडचण आहे. मेगॅलोडॉनच्याच काळात पेरू देशाजवळच्या समुद्रात लिव्हियाटन नावाचा दात असलेला देवमासा होता. २०१० साली त्याचे वर्णन झाले. त्याचे दात ३६ सेंटिमीटरपर्यंत लांब, म्हणजे मेगॅलोडॉनच्या दुप्पट. दोघेही लहान देवमाशांवर जगत असावेत. तेथे राज्य एकाचे नव्हते, दोघांचे होते. पण एकच जाती, बहुतेक सर्व उबदार समुद्रांत, दीड कोटी वर्षांहून अधिक काळ शिखरावर, असा दाखला मेगॅलोडॉनवाचून दुसरा आम्हांस दिसत नाही. म्हणून एकट्या राजाचा मान त्यास. भेळेची पैज बरोबरीत सुटली असे समजावे.

हे देवमासे तरी आले कोठून? पुन्हा आपल्याच देशातून. कच्छमधील सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत चार पायांचे देवमासे मिळतात. प्रा. अशोक सहानी व मिश्रा यांनी १९७५ साली त्यांपैकी एकास 'इंडोसीटस' हे नाव दिले. आणि जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागात मिळालेला इंडोहायस, मांजराएवढा, खुरांचा, हरणासारखा प्राणी, देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग ठरला आहे. ज्या मांसावर मेगॅलोडॉनचे साम्राज्य पोसले, त्याची पहिली पावले आपल्या उपखंडाच्या किनाऱ्यावर उमटली होती.

आता मोसासॉरांचा शेवट. येथे बुलढाण्याचा संबंध येतो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मोसासॉर समुद्रात ऐन भरात असताना, त्याच सुमारास आपल्या या भूमीत जमीन फाटून लाव्हा वाहत होता. मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्यास येताना रस्त्याकडेच्या कापात काळे थर दिसतात. ते त्या पुरांचे थर. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक पूर. दख्खनचा हा पाषाण आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि त्याचा बहुतेक भाग दहा लाखांहून कमी वर्षांत ओतला गेला. लाव्हाबरोबर गंधकाचे व कर्बाचे वायू आकाशात गेले, आणि जगाची हवा त्यांनी ढवळून काढली.

त्याच वेळी मेक्सिकोच्या युकातान भागात सुमारे दहा किलोमीटर व्यासाची एक उल्का आदळली. अल्वारेझ पितापुत्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली हे अनुमान मांडले. १९९१ साली ते विवर निश्चित झाले, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे. धूळ, काजळी व गंधकाने सूर्य झाकला. आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मुख्य दोष उल्केकडे देतात. दख्खनच्या लाव्हाने जग आधीच किती अशक्त केले होते यावर वाद चालू आहे. आरोपी दोन, आणि त्यांतला एक आपल्या घराच्या पायात चिणलेला आहे! आमच्या वकील मित्रांस हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग आरोपीचे वकीलपत्र मलाच घ्यावे लागणार."

पण मोसासॉर लाव्हाने भाजून मेले नाहीत, आणि उल्का त्यांच्या डोक्यातही पडली नाही. ऊन गेले तसे समुद्राच्या पृष्ठभागावरील डोळ्यांस न दिसणारी वनस्पती मेली. चुन्याचे कवच घेऊन तरंगणाऱ्या सूक्ष्म जातींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्या वेळी नष्ट झाल्या. त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी गेले, मग मासे कमी झाले, अ‍ॅमोनाइट तर साफ संपले, आणि शेवटी वरच्या पायरीवरच्याला खावयास काही उरले नाही. कासवे वाचली, काही मगरी वाचल्या, शार्कही पुष्कळ मेले पण काही वाचले. जो थोडक्यात भागवू शकला तो तरला. मेगॅलोडॉनवर आकाशातून काही कोसळले नाही. समुद्र थंड होत गेले, लहान देवमासे घटले, पांढरा शार्क त्याच अन्नावर वाटेकरी झाला; राजाचा खर्च मोठा, उत्पन्न आटले. तो अजून खोल समुद्रात कोठेतरी जिवंत आहे असे काही मुले चित्रपट पाहून सांगतात. एवढ्या खादाड जनावराला खोल अंधाऱ्या समुद्रात पुरेसे जेवण नाही, हेच त्यास उत्तर.

राहिले लोणार. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. १९७३ साली तेथील काचेत व खनिजांत प्रचंड आघाताच्या खुणा मिळाल्या आणि ते उल्केचे विवर ठरले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. म्हणजे मेक्सिकोच्या विवराच्या शंभराव्या हिश्शाचे. वयही फार थोडे. जुन्या मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षे, २०११च्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. कसेही धरले तरी मोसासॉर त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीचे. पण दोन्ही आरोपींचे नमुने, लाव्हा आणि उल्केचा घाव, एकाच ठिकाणी, एक दुसऱ्याच्या छातीवर, पाहावयाचे तर मेहकरहून लोणारला जावे.

उन्हाळ्याच्या सुटीत त्या दोन मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो. काठावर उभे राहून धाकट्याने विचारले, "सर, या तळ्यात राजा कोण?" पाणी इतके खारे व क्षारयुक्त की त्यात मासा जगत नाही, तेव्हा मोठ्या शिकाऱ्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही त्यास पाण्यावरचा हिरवा थर दाखविला. ते शेवाळ. हिवाळ्यात कधी कधी रोहित पक्षी येतात, ते तेच गाळून खाण्यासाठी. त्या दिवशी पक्षी नव्हते. थोरल्याने थोडे हिरवे पाणी बाटलीत भरून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी बरोबर घेतले.